आरशातली नाकं

सलूनमध्ये त्याला सगळे साबण म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं त्याला, पण ते आता फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलं होतं. एक गिऱ्हाईक उठून दुसरं बसेपर्यंत हा मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात घासायचा. मानही घासायचा. घासून घासून बोटांची सालं निघाली होती आणि तुरटी लावताना गिऱ्हाइकाआधी यालाच झोंबायचं.

कारागीर मात्र एक नंबर, ते शत्रूनेही कबूल करावं. बारा वर्षांचा असताना फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून वस्तरा शिकला, आणि महिनाभरात एकच फुगा फोडला. वीस वर्षं त्याच खुर्चीमागे उभा होता. दाराकडून पहिली खुर्ची याची, दुसरी कुरळ्याची. गल्ल्यावर शेठ. समोर भिंतभर आरसा.

त्या आरशानेच याचा घात केला.

साबणाची खात्री होती की त्याच्या अंगाला कुजका वास येतो. घामाचा नव्हे, घाम कुणाला येत नाही? याचं म्हणणं, आत कुठेतरी हाडात काहीतरी सडतंय आणि त्याची दुर्गंधी कातडीतून बाहेर पडते. त्याला स्वतःला ती येत नव्हती. लोकांना येत होती. कशावरून? अहो, लोक नाक मुरडतात की! तो दिवसभर आरशात बघायचा आणि दिवसभर नाकं वाकडी व्हायची. कुणी फुरफुरायचं, कुणी वरचा ओठ ताणायचं, कुणी खांद्याला नाक घासायला बघायचं.

आता सांगा, केस कापताना कोण नाक हलवत नाही? बारीक केस उडतात, नाकावर बसतात, गुदगुल्या होतात, आणि हात तर दोन्ही चादरीखाली अडकलेले. एवढी साधी गोष्ट. वीस वर्षांच्या कारागिराला ती कळत नव्हती असं नाही. सतरा वर्षं कळत होती. मग एक दिवस कळेनाशी झाली.

झालं असं, की मोरीचा पाइप तुंबला होता. दाढी करून घेता घेता एक गिऱ्हाईक म्हणालं, "कसला वास येतोय हो?" आणि कुरळ्या आपल्या खुर्चीमागून साबणाकडे बोट दाखवून बोलला, "दुसरा कसला? याचाच!" अख्खं दुकान हसलं. दुसऱ्या दिवशी नळवाल्याने पाइपातून मांजराएवढा केसांचा गोळा ओढून काढला. वास गेला. सगळे विसरले. हा नाही विसरला.

कुरळ्याला गंमत सापडली. साबण आत आला की तो अत्तराची बाटली काढून हवेत दोन फवारे मारायचा. वाढदिवसाला त्याने साबणाची वडी चकचकीत कागदात बांधून, वर फीत लावून भेट दिली. शेठ पोट धरून हसला. हाही हसला, आणि ती वडी घरी नेऊन संपेपर्यंत वापरली.

घरी बायको आणि आठ वर्षांची पोरगी. बायको कपड्यांच्या कारखान्यात बटणांची काजं करायची, दिवसाला चारशे शर्टांची. पोरीला सगळे ठमी म्हणत. साबण स्वयंपाकघरात वेगळं अंथरूण घालायचा, खिडकी उघडी ठेवून. ठमीला मांडीवर घेऊन त्याला तीन वर्षं झाली होती. शेवटचं घेतलं तेव्हा ती शिंकली होती.

आणि दिवसाला चाळीस वेळा एकच प्रश्न.

"येतो का गं?"

"नाही हो."

"नीट घे. मानेपाशी."

बायको नाक लावायची, नाही म्हणायची. पाच मिनिटं बरी जायची, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. एकदा भाकऱ्या करपल्या, कामावरचा भोंगा वाजायची वेळ झाली आणि हा पुन्हा मान पुढे करून उभा. ती कडाडली, "हो, येतो! घाण येतो! झालं समाधान?" आणि खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर समाधानच दिसलं. शेवटी कुणीतरी खरं बोललं, असं. ती त्या दिवशी रडली, पण कारखान्यात जाऊन, मशीनवर.

थोरल्या भावाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला वाटायचं, चार लोकांत सोक्षमोक्ष लावला की भूत उतरेल. एका रविवारी त्याने याला शर्ट काढून खोलीच्या मधोमध उभं केलं आणि सगळ्या घरादाराला रांगेत लावलं. "घ्या रे वास! एकेकाने पुढे या!" सात माणसांनी वास घेतला. पोरांनी तर खिदळत दोनदोनदा घेतला. सहा जण नाही म्हणाले. सातवी वहिनी. ती म्हणाली, "मला बाई सर्दी झालीय." झालं! सहा जणांचं नाही वाऱ्यावर गेलं आणि वहिनीची सर्दी याच्या मनात घर करून बसली. वास येत होता, बोलायची लाज वाटली, म्हणून सर्दी.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरने तपासलं आणि हसत म्हटलं, "अंगाला काही नाही, डोक्यात आहे तुमच्या." ते साबणाने शब्दशः घेतलं आणि आठवडाभर डोकं घासलं. शेवटी सरकारी दवाखान्यात कुणीतरी त्याला नऊ नंबरच्या खोलीत पाठवलं.

नऊ नंबरमध्ये समुपदेशन करणाऱ्या बाई बसायच्या. पन्नाशीच्या, चष्म्याला दोरी, टेबलावर एक पेन्सिल आणि कागदांचा गठ्ठा. साबण दारापाशीच बसला, खुर्ची मागे सरकवून. बाईंनी तासभर त्याचं ऐकून घेतलं. शेवटी त्यानेच विचारलं, "तुम्ही वास घेऊन बघणार नाही?"

"मी येत नाही म्हटलं तर पटेल तुम्हाला?"

"नाही."

"आणि येतो म्हटलं तर?"

"पटेल."

"मग माझ्या नाकाचा तुम्हाला काय उपयोग?" बाई म्हणाल्या.

तीन वर्षांत त्याला वेड्यातही न काढणारं आणि होला हो पण न करणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

"शंभरातली किती खात्री आहे, वास येतो याची?"

"शंभर."

बाईंनी शंभर लिहिलं. "बरं. वास नसता, तर पहिली गोष्ट काय केली असती?"

एवढ्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. "ठमीचे केस कापले असते."

तीन वर्षं ठमीचे केस तिची आई कापायची, भाजीच्या कात्रीने. मागे एक टोक वर, एक खाली. शाळेत पोरी म्हणायच्या, "बाप सलूनवाला आणि डोकं बघा!" ठमी एकदा सलूनच्या दाराशी येऊन उभी राहिली होती आणि याने तिला लांबूनच हात करून परत पाठवलं होतं.

बाईंनी बायकोलाही बोलावलं आणि तिला जड काम दिलं. वास येतो का विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाहीपण म्हणायचं नाही. "तुम्ही दर वेळी नाही म्हणता, त्याला पाच मिनिटं उतार पडतो, आणि सहाव्या मिनिटाला तो आणखी एक नाही मागायला येतो. मी उत्तर दिलंय, आता देणार नाही, एवढंच म्हणायचं." बायकोला वाटलं, ही बाई दगडाची आहे की काय. पण तिने केलं. पहिल्या आठवड्यात साबण तिच्यामागे घरभर फिरला, हात जोडले, एकदा तर पाय धरले. ती ओठ चावून कणीक मळत राहिली. तिसऱ्या आठवड्यात चाळिसाचे पंधरा झाले.

मग बाईंनी त्याला मोजणी दिली. "नाकं तुम्ही बघताच. आता दोन्ही खुर्च्यांची बघा. तुमचीही, शेजारचीही. तीन दिवस."

साबणाने आरशाच्या कडेला पेन्सिलीने रेघा ओढल्या. तीन दिवसांत याच्या खुर्चीत एकतीस नाकं हलली आणि कुरळ्याच्या खुर्चीत तेहतीस. कागद घेऊन तो नऊ नंबरला गेला, तेव्हा चेहरा पार उतरलेला.

"यातून काय कळलं?" बाईंनी विचारलं.

"माझा वास दुसऱ्या खुर्चीपर्यंत जातो."

दुसरं कुणी असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. बाईंनी नुसतं लिहून घेतलं. "असू शकेल," त्या म्हणाल्या. "ते कसं पडताळून बघता येईल?"

साबणाने बराच विचार केला. मग त्याचं त्यालाच सुचलं. "मी सुट्टीवर असेन त्या दिवशी कुणीतरी कुरळ्याची खुर्ची मोजली तर?"

"काय निघालं तर तुमचं मत हलेल?"

"दहाच्या आसपास निघाली, म्हणजे रोजच्याइतकीच, तर..." तो थांबला. "तर मला विचार करावा लागेल."

तीन वर्षांत त्याच्या तोंडून "तर" निघाला नव्हता. घरी जाताना त्याने बायकोला सांगितलं, की दहा निघाली तर मी ठमीचे केस कापीन. ठमीने ऐकलं आणि त्या दिवसापासून आईच्या कात्रीला डोकं द्यायचं बंद केलं.

मोजायचं काम शेठकडे आलं. शेठ म्हणाला, "मला दुकान बघायचंय की नाकं?" आणि कागद कुरळ्यापुढे सरकवला. कुरळ्याने दिवसभर एकही नाक बघितलं नाही. संध्याकाळी झाडू मारताना त्याला आठवण झाली. त्याने कागदावर भलंमोठं शून्य काढलं, शून्यात दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं, आणि शेठला दाखवलं. दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी साबणाने तो कागद बघितला. तो मोरीवर गेला आणि हात धुवायला लागला. शेठने तीनदा हाक मारली, खुर्चीत गिऱ्हाईक ताटकळत होतं, पण नळ काही बंद होईना. कुरळ्या म्हणाला, "अरे, शून्य म्हणजे चांगलंच की! पार्टी दे!"

आठ दिवस तो कामावर गेला नाही. नऊ नंबरला गेला तो फक्त कागद टेबलावर ठेवायला. "बघा. मी नसलो की एकही नाही."

बाईंनी शून्याकडे बघितलं, शून्यातल्या तोंडाकडेही बघितलं. हे खोटं आहे, असं त्या म्हणू शकल्या असत्या. तसं म्हणाल्या नाहीत. विचारलं, "पुढच्या सुट्टीला मी येऊन मोजू का? तुमची हरकत नसेल तर."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाई सलूनच्या बाकावर सकाळपासून बसल्या. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. कुरळ्याने गिऱ्हाइकांना डोळे मारले, गाणी म्हटली. शेवटी बाईंनी विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही मोजलं होतं ना?"

"मोजतंय कोण! गंमत केली हो."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या नाकाची रेघ ओढली. चार वाजेपर्यंत अकरा झाली.

अकरा! साबणाने तो कागद हातात धरला आणि बराच वेळ बोटाने रेघा मोजल्या. बाईंनी स्वतः बसून ओढलेल्या रेघा. तो नव्हता, त्याचा वास नव्हता, आणि तरी अकरा माणसांनी नाक हलवलं होतं.

"शंभरातली किती?"

"साठ," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला. "साठच म्हणा, बाई."

ठमीचे केस रविवारी कापायचे ठरलं. जाताना बाईंनी बायकोला मागे थांबवलं आणि अगदी बजावून सांगितलं, "पोरीला काही शिकवू नका. ती नाक हलवेल, शिंकेल, खाजवेल. तेच त्यांना बघायचंय. नाक हलतं ते केसांनी, हे त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या."

बायकोने मान हलवली. कळलं होतं तिला, नक्कीच कळलं होतं. पण माणसाचा जीव! ती रात्रंदिवस एकच चित्र बघत होती: ठमी नाक मुरडते आणि हा कात्री टाकतो. साठाचे पुन्हा शंभर. पुन्हा चाळीस वेळा मान पुढे. तिला ते सोसवलं नसतं. बाईंचं काय, बाई पाच वाजता घरी जातात.

म्हणून चार दिवस, साबण कामावर असताना, तिने ठमीला तयार केलं. कंगव्यात अडकलेले केस कात्रीने बारीक कापायची आणि चिमूट चिमूट ठमीच्या नाकावर सोडायची. "हलवायचं नाही. फुरफुरायचं नाही. बाबा कापत असतील तेव्हा नाक दगडासारखं." ठमी पहिल्या दिवशी खो खो हसली, दुसऱ्या दिवशी शिंकली, तिसऱ्या दिवशी रडली. चौथ्या दिवशी जमलं. श्वास रोखून धरला की गुदगुल्या कमी होतात, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं.

रविवारी सकाळी साबणाने आंघोळ एकदाच केली. बाईंशी तसं ठरलं होतं. कपाटाच्या आरशासमोर स्टूल ठेवलं, ठमीच्या गळ्याभोवती धुतलेली चादर बांधली, केसांवर पाण्याचा फवारा मारला. तीन वर्षांनी त्याची बोटं पोरीच्या डोक्याला लागली. कात्री मात्र हातात बरोबर बसली. कात्रीला सवय होती.

"कसे हवेत, बाईसाहेब?"

"कानापर्यंत," ठमी म्हणाली, आणि ओठ मिटले.

डावी बाजू कापून झाली. अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. साबणाला बरं वाटत होतं, गुणगुणावंसंही वाटत होतं. त्याने पुढचे केस डोळ्यांवर ओढले आणि भुवयांच्या वर कापले. केसांचा बारीक भुगा ठमीच्या नाकावर पडला. आता ती नाक हलवणार, म्हणून त्याने आरशात बघितलं. पहिल्यांदाच तो न घाबरता बघत होता. त्या अकरा रेघांनी सांगितलं होतं, हलतंय ते केसांनी हलतंय. हलू दे.

नाक हललं नाही.

त्याने पुन्हा थोडे केस कापले. नाकाच्या शेंड्यावर ढीग झाला. नाक हललं नाही. वीस वर्षांत हजारो डोकी त्याच्या हाताखालून गेली होती, पण असं कुणी बसलं नव्हतं. मग त्याला दिसलं, की चादर हलत नाहीये. छाती वरखाली होत नाहीये. पोरीचे गाल लाल झाले होते, गळ्याची शीर फुगली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ओठ गच्च मिटलेले.

ठमीने श्वास रोखून धरला होता.

साबणाने कात्री खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. तो लांब गेला तशी ठमी फुस्सकन श्वास सोडून ओरडली, "आई! मी हललेच नाही! एकदासुद्धा नाही!"

आरशात त्याला बायको दिसली. दारात, तोंडावर हात धरून.

"कुणी सांगितलं तुला, हलायचं नाही म्हणून?" त्याने अगदी हळू विचारलं.

"आईने. चार दिवस शिकवलं. बाबांजवळ बसताना असंच करायचं असतं." पोरगी शाबासकीची वाट बघत त्याच्याकडे वळली. एका बाजूला कानापर्यंत केस, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत.

तो मोरीत गेला. कडी लागली, नळ सुटला.

बायको दार बडवत होती. "अहो, वासासाठी नव्हतं हो! केसांसाठी शिकवलं! तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून!" आतून एवढंच आलं, "वास येतो, माहीत होतं मला. पोरीला तरी त्रास द्यायचा नव्हता." मग नुसतं पाणी. तिने दारावर डोकं टेकलं आणि ती स्वतःला वाटेल ते बोलली. कुरळ्याच्या शून्यातून हा वर आला होता, आणि हिच्या मायेने पुन्हा बुडवला. दुपारी तिनेच भाजीच्या कात्रीने उजवी बाजू कापली. ती डावीपेक्षा वर गेली.

नऊ नंबरला तो आणखी एकदाच गेला. बाईंनी विचारण्याआधीच म्हणाला, "शंभर." बाईंनी लिहिलं. अकरा रेघांचा कागद त्यांनी पुढे ठेवला. साबणाने तो घडी करून परत दिला. "तुम्ही भल्या आहात, बाई. पण ती अकरा परकी माणसं. ही पोटची पोर."

तो अजून पहिल्या खुर्चीमागे उभा राहतो आणि अजून हात धुतो. कुरळ्याने आता अत्तराचा नवा ब्रँड आणलाय. घरी मात्र एक फरक पडलाय. साबण खोलीत आला, की ठमी असेल तिथे थांबते, ओठ मिटते आणि नाक अगदी दगडासारखं धरते. आईने जवळ घेऊन सांगितलं, ओरडून सांगितलं, एकदा मारूनही सांगितलं, की तसं करायची गरज नाही. ती ऐकत नाही. तिची खात्री आहे, की त्या रविवारी आपलं नाक कुठेतरी जरासं हललं असणार, म्हणून बाबांनी केस अर्धे सोडले.